नटाच्या नावाची फियाट: नावाचे जास्तीचे पैसे किती आणि कशाच्या जोरावर द्यायचे?

गोदाकाठ_११०० (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नाशिकला गंगापूर रोडवर एका बंगल्याच्या शेडमध्ये १९६४ ची फियाट ११०० विकायला आहे. गाडी बंद आहे, पण पुरी आहे. काचा, दिवे, क्रोमच्या पट्ट्या, व्हीलकॅप सगळं जागेवर आहे. जुन्या मराठी चित्रपट-नाटकांतल्या एका नावाजलेल्या नटाची ही गाडी, त्यांनी मुंबईत बारा-एक वर्षं वापरली, असं विकणारे सांगतात. नट आज हयात नाहीत. व्यवहार ठरलेला नसल्यामुळे नाव इथे लिहीत नाही.

मागणी ११ लाखांची आहे. याच अवस्थेतली फियाट नावाशिवाय अडीच-तीन लाखांच्या वर कुणी घेणार नाही, असं दोन जाणकारांनी सांगितलं. म्हणजे आठ लाख निव्वळ नावाचे.

आरसी पुस्तक आहे, पण पहिली दोन पानं फाटलेली. सध्याच्या मालकांची नोंद चौथी. नट गाडीला टेकून उभे आहेत असा एक काळा-पांढरा फोटो आहे, त्यात नंबर प्लेट दिसत नाही.

मला समजून घ्यायचंय की नावामुळे किंमत मुळात वाढते कशाने आणि ती उद्या विकताना परत मिळते का. पुरावा म्हणून काय मागायचं? शिवाय घरचे म्हणतायत की घेतलीच तर रंग, सीट, क्रोम सगळं नवं करून लखलखीत कर. ते करावं का?

---

लिलावनोंदी

नाशिकरोडच्या प्रेसमधून नोटा निघतात त्या सगळ्या एकाच कागदाच्या, एकाच शाईच्या. तरी ७८६ किंवा ओळीने एकच आकडा असलेली नोट संग्राहक कितीतरी जास्त पैसे देऊन घेतात. नोटेत काही वेगळं नसतं. लाखो सारख्या वस्तूंमधून ती एक बाजूला काढता येते, आणि ती हवी असणारे एकापेक्षा जास्त लोक असतात, एवढंच. कारखान्यातून निघालेल्या गाडीचं नावामुळे हेच होतं. फियाट ११०० हजारो निघाल्या. 'त्यांची' फियाट एकच.

आता आकडे बघा, त्यातून एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. अमेरिकन नट स्टीव्ह मॅक्वीनची १९६७ ची फेरारी २७५ जीटीबी/४ ऑगस्ट २०१४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिलावात १ कोटी १ लाख ७५ हजार डॉलरला गेली. तशाच इतर फेरारी तेव्हा साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्शात मिळत होत्या. म्हणजे तिप्पट. 'बुलिट' चित्रपटात मॅक्वीनने चालवलेली १९६८ ची मस्टँग जानेवारी २०२० मध्ये कमिशन धरून ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. तसल्या साध्या मस्टँगला एक लाख डॉलर मिळाले तरी पुष्कळ. म्हणजे निदान सदतीस पट. ब्रिटनच्या राजकुमारी डायनाची १९८५ ची काळी फोर्ड एस्कॉर्ट आरएस टर्बो २०२२ मध्ये साडेसहा लाख पौंडांवर थांबली, वर कमिशन वेगळं. हे मॉडेल पांढऱ्या रंगात यायचं, तिच्यासाठी काळं बनवलं होतं, ही त्यातली जमेची बाजू.

तिप्पट कुठे आणि सदतीस पट कुठे? नावाची किंमत टक्क्यांत चालत नाही. ती गाडीच्या किमतीवर ठेवलेली वेगळी रक्कम असते. गाडी मुळात स्वस्त असली की पट मोठी दिसते. त्यामुळे "नावाची गाडी चौपट जाते" असलं गणित कुणी सांगितलं तर ऐकू नका. कागदावर दोन ओळी लिहा: गाडी पावणेतीन लाख, नाव सव्वाआठ लाख. मग स्वतःला विचारा, या नटाची दुसरी एखादी वस्तू, समजा त्यांचा रोजचा चष्मा किंवा हार्मोनियम, कुणी सव्वाआठ लाखांना घेईल का? उत्तर 'नाही' असेल तर फियाटवर बसवल्याने ते नाव महाग होत नाही.

नाव आणि गाडी यांचा आपसात संबंध किती, हेही बघायचं. मॅक्वीन स्वतः शर्यतीत उतरणारा माणूस होता, त्याच्या गाड्यांना म्हणून जास्त भाव. ज्याच्या दारात वीस गाड्या होत्या आणि चालवायला ड्रायव्हर, त्याच्या एकविसाव्या गाडीला तो भाव नाही. तुमच्या नटांची ही एकुलती गाडी असेल, स्वतः चालवत नाटकाच्या दौऱ्यावर नेत असतील, तर ते किमतीच्या बाजूने धरा.

काही आकडे मात्र हिशेबातून बाहेर ठेवा. पोप बेनेडिक्ट सोळावे पोप होण्याआधी त्यांच्या नावावर असलेली फोक्सवॅगन गोल्फ २००५ मध्ये ऑनलाइन लिलावात १ लाख ८८ हजार ९३८ युरोला गेली. त्याच वर्षी जानेवारीत ती साडेनऊ हजार युरोला विकली गेली होती. घेणारी एक ऑनलाइन जुगाराची कंपनी होती, तिला जगभर बातमी हवी होती. तो जाहिरातीचा खर्च आहे, बाजारभाव नाही. तुमच्याकडून उद्या घेणारा माणूस जाहिरातीसाठी घेणार नाही.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. मोठ्या माणसांच्या गाड्या बाजारात फारशा येतच नाहीत, स्मारकात जातात. लालबहादूर शास्त्रींनी १९६४ मध्ये १२,००० रुपयांना घेतलेली फियाट, नंबर डीएलई ६, दिल्लीच्या त्यांच्या स्मारकात आहे. त्यातले ५,००० पंजाब नॅशनल बँकेचं कर्ज होतं. नेताजी १९४१ मध्ये ज्या वाँडररमधून निसटले ती बीएलए ७१६९ कोलकात्याच्या नेताजी भवनात आहे. उघड लिलावातले भाव नसल्यामुळे तुलना करायला काही उरत नाही, आणि तुलना नसली की घेणारा कचरतो. परत विकताना तुम्हाला हेच नाव ओळखणारा, हेच नाव हवं असणारा आणि पैसे असणारा, असा माणूस शोधावा लागेल. खरं तर असे दोन लागतात, भाव दोघांच्या ओढाताणीत चढतो. ज्या पिढीने या नटाला रंगमंचावर पाहिलं ती आज सत्तरीच्या पुढे आहे, हेही मोजा.

---

पत्रा_आणि_वेल्डिंग (सातपूर)

लखलखीत करण्याबद्दल आधी बोलतो, कारण नुकसान तिथेच होतं आणि ते उलटवता येत नाही.

अमेरिकेत येल विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये एक साधी गोष्ट तपासली. आवडत्या प्रसिद्ध माणसाने घातलेला स्वेटर लोकांना हवा असतो. तोच स्वेटर निर्जंतुक करून दिला, तर ओढ कमी होते. पुढे २०१४ मध्ये त्यांनी केनेडी आणि मेरिलिन मन्रो यांच्या वस्तूंच्या लिलावांचे खरे आकडे घेतले. ज्या वस्तूला त्या व्यक्तीचा हात जास्त लागला असेल असं लोकांना वाटत होतं, ती अंदाजापेक्षा जास्त वर गेली. गाडीत हात कुठे लागतो? स्टिअरिंग, गिअरची दांडी, दाराची आतली मूठ, ड्रायव्हरची सीट. तुम्ही नावाचे सव्वाआठ लाख मोजणार ते मुख्यतः या चार जागांचे. आणि रिस्टोरेशनवाला पहिल्या आठवड्यात नेमक्या या चार जागा बदलतो.

म्हणून या गाडीचे दोन भाग करा. जे दिसतं आणि हाताला लागतं ते जपायचं. जे जीव वाचवतं आणि गाडी चालवतं ते बिनधास्त बदलायचं.

बदलायचं ते असं. चारही चाकांच्या ब्रेक सिलेंडरचे रबरी कप, मास्टर सिलेंडरची किट, ब्रेकचे रबरी होज, सगळे एकदम. जुनं ब्रेक ऑइल पूर्ण काढून डॉट ३ भरा. या गाडीला चारही ड्रम आहेत, म्हणून लायनिंग जाड दिसलं तरी सुटलेलं नाही ना हे ड्रम काढूनच बघा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ते ब्रेक शूपासून उकलतं. टायर ५.२०-१४ मापाचे. नक्षी कितीही ताजी असो, दहा वर्षांवरचा टायर वापरू नका, बाजू फाटते. पेट्रोलचे होज आजच्या ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला टिकणारे टाका, व्हायटॉन मागा. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं आणि त्याचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात. टाकी उतरवून धुवा. इथेनॉल ओलावा ओढतं, त्यामुळे ई२० भरून गाडी दोन-दोन महिने उभी ठेवू नका; चालवायची नसेल तेव्हा टाकी रिकामी केलेली बरी.

बंद इंजिनाला स्टार्टर मारायची घाई कुणालाही करू देऊ नका. चारही स्पार्क प्लग काढा, प्रत्येक भोकातून साधारण ५ मिली इंजिन ऑइल सोडा, एक दिवस तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलला टाकून क्रँक हाताने फिरवा. फिरला तर ऑइल आणि फिल्टर बदलून मग बॅटरी लावायची. अडकला तर ताकद लावू नका, परत ऑइल सोडून थांबा. धक्का मारून गिअरवर सोडली की गंजलेली रिंग तुटते आणि सिलेंडरला रेघ पडते. मग ब्लॉक बोअर करायला जातो, आणि एखाद्या कारागिराने "त्यापेक्षा दुसरं इंजिन बसवू" म्हटलं की संपलं. आरसीवरचा इंजिन नंबर गेला म्हणजे पुराव्यातला अर्धा दुवा गेला.

काढलेला प्रत्येक भाग ठेवा. जाड प्लास्टिकच्या पिशवीत तो भाग, आत चिठ्ठी: काय, कुठून काढलं, तारीख, गाडीवर असतानाचा फोटो क्रमांक. झिजलेलं पेडलचं रबरसुद्धा टाकायचं नाही. सगळ्या पिशव्या एका पेटीत ठेवा. पुढचा घेणारा ती पेटी बघतो तेव्हा त्याचा भरवसा बसतो.

जपायचं ते असं. रंगाला रबिंग कंपाउंड लावू नका. पाण्यात सौम्य शाम्पू, मऊ फडकं, पुसून कोरडं. सीटच्या रेक्झिनला ओलसर फडकं पुरे. चकचकीत करणारा पॉलिश रेक्झिन ताठरवतो. आतली गादी काथ्याची असेल तर व्हॅक्यूमच्या तोंडाला मलमलचा तुकडा बांधून हळू ओढा, नाहीतर काथ्याचा भुगा बाहेर येतो. उसवलेली शिवण त्याच भोकांतून परत घालून घ्या. नाशिकच्या पावसाळ्यात प्लास्टिकचं कव्हर घालू नका, आत घाम धरतो. सुती कव्हर, आणि गाडी स्टँडवर.

गंज मात्र जपायचा नसतो. फियाट ११०० ला वेगळी चेसिस नाही, बॉडी हीच चेसिस. पायातली मॅट उचलून फ्लोअर बघा, दाराखालची पट्टी, पुढच्या मडगार्डची आतली वरची बाजू, मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे बॉडीला धरतात ती जागा, डिकीतली स्टेपनीची खोबण. छोट्या हातोडीच्या मुठीने ठोका. टणटण आवाज आला तर पत्रा आहे, ठस्स आवाज आला तर पुटी (पोचा बुजवायचा लेप) किंवा गंज. पाट्याची जागा गेली असेल तर तिथे कापून नवा पत्रा वेल्ड करावाच लागतो, पण तेवढाच तुकडा, आणि आधी-नंतरचे फोटो.

घ्यायच्या आधी रंगाची जाडी मोजा. जुना एकच थर साधारण ८० ते १५० मायक्रॉन दाखवतो, वर परत रंग दिला असेल तर २००-३०० च्या पुढे, पुटी असेल तर ५०० च्या खूप वर. मीटर नसेल तर कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक सगळीकडे फिरवा, पुटीवर ते धरत नाही. ही गाडी सगळीकडून नव्याने रंगवलेली निघाली, सीटही नवी निघाली, तर नटांनी हात लावलेलं गाडीत उरलंय काय, हा प्रश्न मालकांना सरळ विचारा आणि नावाची रक्कम अर्ध्याहून खाली आणा.

लिलावनोंदींनी ज्या फेरारीचा उल्लेख केला तिचं उदाहरण इथे उलट्या बाजूने कामाला येतं. मधल्या एका मालकाने ती कापून उघड्या टपाची करून टाकली होती. नंतर फेरारीच्याच क्लासिक विभागाने ती परत बंद टपाची केली, आणि रंग दिला तो मॅक्वीनने स्वतः करून घेतलेला, कारखान्याचा नव्हे. अमेरिकन गायिका जॅनिस जॉपलिनची चित्रं रंगवलेली पोर्श ३५६सी तर तिच्या मृत्यूनंतर घरच्यांनी साध्या रंगात रंगवली होती. १९९० च्या दशकात जुन्या फोटोंवरून ती चित्रं परत काढली. २०१५ मध्ये ती १७ लाख ६० हजार डॉलरला गेली, अंदाज चार ते सहा लाखांचा होता. तेव्हा रंग द्यायचीच वेळ आली तर शोरूमचा रंग शोधत बसू नका. नटांच्या वेळी गाडी जशी होती तशी करा. त्यांनी बंपरवर जास्तीचे दिवे लावले असतील तर ते दिवेही त्या गाडीचा भाग आहेत.

---

पेठरोड_कागदपत्रं

वरचं सगळं बरोबर आहे, पण पहिली दोन पानं नसलेलं आरसी पुस्तक म्हणजे नेमका नटांचा काळ गायब असणं. चौथा मालक कोण हे सिद्ध करून काय करायचंय, पहिला किंवा दुसरा कोण होता तेच विकलं जातंय.

पहिलं काम, गाडीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर यांचा ठसा घ्या. नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडा करा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिलीचं शिसं आडवं घासा, उमटलेल्या आकड्यांवर सेलोटेप मारून कागद वहीत चिकटवा. आरटीओत घेतात तसाच. मग ठसा भिंगातून बघा. अक्षरांची खोली आणि अंतर सारखं आहे का, एखादा आकडा वरखाली आहे का, आजूबाजूला ग्राइंडरच्या बारीक समांतर रेघा आहेत का. शंका आली तर तिथेच थांबा. नाव खरं असलं तरी नंबर खोडलेली गाडी गळ्यात घेऊ नये.

मग जिथे गाडी पहिल्यांदा नोंदली त्या आरटीओकडून नोंदीचा उतारा. इतक्या जुन्या गाड्यांची नोंद हाताने लिहिलेल्या रजिस्टरात असते, संगणकावर बॅकलॉग एन्ट्री (जुनी नोंद मागाहून चढवणं) झालेली असेल तर तीही अपुरी असते, सहसा शेवटचाच मालक दाखवते. म्हणून अर्जात 'मूळ नोंदणीपासून सर्व हस्तांतरणांच्या नोंदी' असे शब्द घाला आणि अर्ज सध्याच्या मालकांच्या सहीने द्या. तिऱ्हाइताने मागितलं की वैयक्तिक माहिती म्हणून नाकारतात.

नटांचं नाव तिथेही न निघणं शक्य आहे. त्या काळी गाडी पत्नीच्या, भावाच्या, नाटक कंपनीच्या नावावर घेतलेली असायची. तसं असेल तर त्या व्यक्तीशी नातं आणि पत्ता जुळवणारा दुसरा कागद लागतो: विम्याची पावती, गॅरेजचं बिल, टॅक्स टोकन, कर्जाचा कागद. वारसांचं प्रतिज्ञापत्र ५०० च्या मुद्रांकावर घ्या, पण त्यात "ही गाडी बाबांची होती" एवढंच नको. चेसिस नंबर, इंजिन नंबर, कधीपासून कधीपर्यंत, कोणाला विकली, आणि हे त्यांना कशावरून माहीत, एवढं हवं. प्रतिज्ञापत्र हे जोडीला, एकटं पुरत नाही.

नंबर प्लेट हा स्वतंत्र विषय आहे. शास्त्रींच्या फियाटला लोक डीएलई ६ वरून ओळखतात. तुमच्या गाडीवर जुना मुंबईचा नंबर असेल तर राज्यातल्या राज्यात नाव बदलताना तोच राहतो, नाशिकचा एमएच १५ घ्यावा लागत नाही. हाय सिक्युरिटी प्लेट लावावी लागेल. हाताने रंगवलेली जुनी प्लेट फेकू नका, काढलेल्या भागांच्या पेटीत ठेवा. नोंदणीची मुदत संपलेली असणार, तिचं नूतनीकरण फॉर्म २५ वर होतं आणि गाडी चालू करून तपासणीला न्यावी लागते. दुसरा रस्ता, २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज नोंदणी. ५० वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी चालते, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आधी नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. पण मग रोज फिरवता येणार नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती एवढ्याचसाठी रस्त्यावर. 'मूळ रूप' या अटीमुळे पत्रावाल्यांचा सल्ला इथेही लागू पडतो.

हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०. मालकांपैकी कुणी वारलेलं आणि वारसाकडून घेत असाल तर आधी फॉर्म ३१. नाव बदलायचं टाळू नका. २०२१ मध्ये बंगळुरूत परिवहन खात्याने जप्त केलेल्या गाड्यांत अमिताभ बच्चन यांच्या नावावरची रोल्स-रॉइस होती. त्यांनी ती २०१९ मध्येच विकलेली, नाव तेवढं बदललं नव्हतं. मोठं नाव कागदावर राहू दिल्याने गाडीची किंमत वाढते असा काहींचा समज आहे. नोंद इतिहासात राहते, तेवढी पुरते.

---

वाचनालयातली

फोटोबद्दल. नट गाडीला टेकून उभे आहेत यावरून एवढंच कळतं की ते एका फियाटला टेकले. त्या रंगाच्या, त्या मॉडेलच्या कितीतरी होत्या. 'हीच गाडी' ठरवायला कारखान्यातून न आलेली खूण लागते: मडगार्डवरचा पोचा, वाकडी बसवलेली पट्टी, जास्तीचा आरसा, काचेवरची चिठ्ठी. मूळ प्रिंट मागा, मोबाइलमधली प्रत नको. प्रिंटच्या पाठीमागे स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेली तारीख असू शकते. चांगल्या स्कॅनरवर १२०० डीपीआयला स्कॅन करून फक्त गाडीचा भाग मोठा करा. मग गाडी त्याच कोनात उभी करून तेवढ्याच उंचीवरून फोटो काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. क्रोमच्या पट्ट्यांच्या भोकांचं अंतर हाताने केलेल्या दुरुस्तीत हमखास बदलतं.

दुसरे फोटो शोधायची जागा म्हणजे जुनी नियतकालिकं. नटांच्या घरी जाऊन घेतलेल्या मुलाखतींत दारातली गाडी अनेकदा पाठीमागे येते, आणि छापील अंकाला तारीख असते, ती कुणी मागाहून बनवू शकत नाही. आपल्या सार्वजनिक वाचनालयात, म्हणजे सावानात, जुन्या बांधीव अंकांची चौकशी करा. दिवाळी अंक आधी बघा.

मस्टँगच्या बाबतीत पुराव्याची साखळी किती घट्ट होती ते बघण्यासारखं आहे. मॅक्वीनला ती गाडी परत हवी होती, १९७७ मध्ये त्याने तेव्हाच्या मालकाला पत्र लिहून मागितली, मालकाने दिली नाही. ते पत्र गाडीबरोबर राहिलं. ज्याची गाडी, त्याच्याच सहीने "ती माझी गाडी" म्हणणारा कागद! शिवाय चित्रीकरणासाठी केलेले फेरफार गाडीवर तसेच होते आणि ती रिस्टोअर न करता विकली. तुमच्या नटांनी कुणाला लिहिलेल्या पत्रात, आठवणींच्या लेखात गाडीचा उल्लेख असेल तर तो शोधा. एका वाक्याचा उल्लेखही, नंबरासकट असेल, तर फोटोपेक्षा जड.

---

गोदाकाठ_११००

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्रा-दादा, रंग मोजला: छत आणि डिकी १२०-१४०, डावं पुढचं मडगार्ड ६०० च्या वर, बाकी सगळं १५० च्या आत. सीट जुनीच आहे, ड्रायव्हरच्या बाजूला रेक्झिन झिजून विणलेलं कापड दिसतंय. क्रँक अजून फिरवला नाही.

काल मालकांनी ग्लोव्हबॉक्समधून एक पाकीट काढून दाखवलं. त्यात १९६९ ची विम्याची पावती आहे. नाव नटांच्या पत्नीचं, पत्ता दादरचा, गाडीचा नंबर जुळतो. इंजिन नंबर लिहिलेला नाही. याने किती फरक पडतो? आणि बोलणी कुठून सुरू करू?

---

पेठरोड_कागदपत्रं

बराच फरक पडतो. नंबर जुळणारा, त्या काळातला, तिसऱ्याच संस्थेने दिलेला कागद आहे, आणि तो गाडीतच सापडला. आता दादरचा तो पत्ता नटांचाच, हे दुसऱ्या कुठल्या तरी छापील ठिकाणाहून पक्कं करा, आणि आरटीओच्या उताऱ्यात पत्नीचं नाव निघतं का बघा. ती दोन जुळली की दुवा बसला. पावतीला लॅमिनेशन करू नका, टाचणी लावू नका. आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटात ठेवा आणि स्कॅन करून घ्या.

करार लिहिताना रक्कम दोन भागांत फोडा. पहिली गाडीची, ती ताबा घेताना. दुसरी नावाची, ती आरटीओच्या उताऱ्यात किंवा तितक्याच जड कागदात नटांचं वा त्यांच्या पत्नीचं नाव निघाल्यावर, चार महिन्यांच्या मुदतीत. विक्रेत्याचं विधान करारातच घ्या: या चेसिस नंबरची गाडी अमुक साली अमुक यांच्या वापरात होती, आणि हे खोटं ठरल्यास दुसरी रक्कम परत. खऱ्या माणसाला यात अडचण वाटत नाही. विमा उतरवताना किंमत कंपनीशी बोलून ठरवावी लागते, पाच वर्षांवरच्या गाडीला ती तशीच ठरते. तेव्हा हा करार आणि कागद दाखवता येतील.

---

लिलावनोंदी

मडगार्ड सोडून रंग मूळचा आणि सीट मूळची, म्हणजे ज्याचे पैसे मागतायत ते गाडीत शिल्लक आहे. गाडीचे पावणेतीन, गंज बघून थोडे वर-खाली. नावाचे दोनपासून सुरू करा, अडीच-तीनच्या पुढे जाऊ नका, आणि तेही वर सांगितलंय तसं पुराव्यानंतर. आठ देणारा दुसरा कुणी असेल तर त्याला घेऊ द्या. त्या गाडीवर जीव जडलेला माणूस तो आहे, आणि परत विकताना तुम्हाला त्याच्यासारखाच दुसरा शोधावा लागला असता.

---

पत्रा_आणि_वेल्डिंग (सातपूर)

डावं मडगार्ड ६०० दाखवतंय तर तिथे जुना मार आहे. पुटी खरवडून काढायची घाई करू नका. वाचनालयातल्या ताईंनी सांगितलं तसा फोटो आधी मोठा करून बघा. त्यात तोच पोचा डाव्या मडगार्डला दिसला तर ती पुटी म्हणजे तुमचा सगळ्यात चांगला पुरावा आहे, तिला हात लावायचा नाही. ग्लोव्हबॉक्सही झाडू नका. पाकीट निघालं म्हणजे आत तळाच्या पुठ्ठ्याखाली आणखी कपटे असतील. टॉर्च, चिमटा आणि पांढरा कागद घेऊन बसा, एकेक उचला. ते झालं की मग प्लग काढून ऑइल सोडू.